मोकळ्या प्लॉटमधली पोरं

८ जुलै, मंगळवार

ही डायरी नवऱ्याच्या, धम्मानंदच्या बँकेची. दर वर्षी एक येते आणि कोरीच राहते. यंदा लिहून बघते, कारण लातुरात येऊन महिना होत आला तरी दुपारी बोलायला कुणी नाही. किनवटला शाळेवर होते तेव्हा वर्गात ओरडून ओरडून घसा बसायचा. इथं दिवसभर तोंड उघडायचं काम पडत नाही.

आवाज असतो तो पोरांचा. आनंदराज आठ वर्षांचा, सुगत पाचचा. शाळेतून आले की दप्तरं फेकायची आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये पळायचं. प्लॉटचा मालक पुण्याला असतो. त्यानं कधीतरी पायासाठी खड्डे खणून घेतले आणि तसेच सोडले. कडेला काळ्या मातीचा ढीग, खड्ड्यात सुगतच्या गुडघ्याएवढं गढूळ पाणी. पलीकडच्या घरातला यज्ञेश पण येतो, सातेक वर्षांचा असेल. आज तिघांनी मिळून धरण बांधलं. यज्ञेश म्हणाला, हे मांजरा धरण. आनंदराज म्हणाला, न्हाई, ही पैनगंगा हाय. दोघं भांडत होते तोवर सुगत बरोबर मधोमध बसला आणि धरण फुटलं.

मी ओट्यावरून बघत होते. हसू येत होतं आणि जीव पण खालीवर होत होता. तिघंही मानेपर्यंत भरलेले. पण यज्ञेशला बघून कुणी म्हणेल, लेकरू खेळून आलंय. माझ्या दोघांना बघून काय म्हणतील? हा विचार एकदा आला की जात नाही. हाक मारून दोघांना आत घेतलं, कानामागं, मानेवर खसखसून घासलं. सुगत रडला. नळ आठवड्याला येतो, आणि अर्धी टाकी आज यांच्याच अंगावर गेली.

११ जुलै, शुक्रवार

यज्ञेशची आई स्वतःहून आली. मुग्धाताई. त्यांचे मिस्टर मार्तंडसर कॉलेजवर शिकवतात, त्या घरी शिकवण्या घेतात. बोलायला इतक्या मोकळ्या! म्हणाल्या, "तुमच्या मुलांमुळे यज्ञेश मोबाईल विसरला हो. मातीत खेळू द्यावं मुलांना, प्रतिकारशक्ती वाढते."

मला इतकं बरं वाटलं. चहा ठेवायला उठले तर म्हणाल्या, "नको नको, आज माझा शुक्रवार." पाणी पण नको म्हणाल्या, घरून पिऊनच निघाले होते म्हणे.

किती दिवसांनी कुणी माझ्या खुर्चीवर बसून माझ्याशी बोललं.

१७ जुलै, गुरुवार

गुरुवार तर त्यांचा असणारच, म्हणून मी सकाळीच साबुदाणा भिजवला. संध्याकाळी यज्ञेशला न्यायला आल्या तेव्हा खिचडी गरम गरम वाढून बाहेर आणली. मुग्धाताई म्हणाल्या, "अगं बाई, एवढं कशाला केलंत! माझा आज निरंकार आहे." म्हणजे फराळाचं पण चालत नाही. माझंच चुकलं, आधी विचारायला हवं होतं. यज्ञेश मात्र चिखलाचे पाय घेऊन ताटलीपाशी येऊन बसला होता. त्यांनी त्याला लगेच उठवलं, गृहपाठ राहिलाय म्हणून.

खिचडी आमच्या पोरांनीच संपवली.

२७ जुलै, रविवार

आत्याबाई आल्यात हिमायतनगरहून. धुरपताबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पिशवी खाली ठेवली नाही तोवर प्लॉटकडं गेल्या आणि पोरांचा अवतार बघून तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही हसलात तर त्यांना अजून चेव येईल. मला नाही आवडत हे."

"का गं?"

"बरं दिसतं का? आपली पोरं अशी?"

त्या म्हणाल्या, "महामाया, आमी जलमभर दुसऱ्याच्या रानात चिखल तुडवला पोटासाठी. ही लेकरं हौसेनं तुडवून राहिलीत, तर तुजं काय जातंय?"

त्यांना कसं समजावू? त्यांनी तुडवला म्हणूनच तर माझ्या पोरांच्या अंगावर तो दिसायला नको.

संध्याकाळी मुग्धाताई फाटकाशी आल्या. श्रावण लागलाय, त्यामुळं आत आल्या नाहीत. त्या गेल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "ही बाई रोजच उपाशी ऱ्हाती का?"

"श्रावण आहे ना आत्याबाई."

"हाव. आपल्या दारात आली की श्रावण."

मला फार राग आला. या जुन्या माणसांना जिकडं तिकडं तेच दिसतं. ती बाई शिकलेली आहे, तिचा मुलगा माझ्या मुलांच्या अंगाला अंग लावून खेळतो, ती कधी नको म्हणाली नाही. हे मी बोलून दाखवलं. आत्याबाई मटकी निवडत बसल्या.

६ ऑगस्ट, बुधवार

तिघं आज एका पोत्यात शिरून गाडी गाडी खेळले. खड्ड्याच्या कडेनं घसरत खाली, परत वर. पोतं कुणाचं, कुठून आणलं, देव जाणे. यज्ञेश मधूनच थांबून बोटांची बेचकी खाजवत होता, मनगटं पण लाल झालीत. मुग्धाताई म्हणाल्या, उदगीरला मावशीकडं बारशाला गेलो होतो, तिथं मच्छर फार. मी कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळ घालायला सांगितलं. "करते हो," म्हणाल्या.

सुगतचा नवा बनियन गेला. काळ्या मातीचा डाग निघतच नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज पोळा. आमच्यात पूजा नसते, पण आत्याबाईंनी पोरांना मातीचे बैल करायला शिकवले. गेले काही दिवस प्लॉटमध्ये तोच कारखाना. माती चाळायची, खडे काढायचे, मळायची. सुगतचा बैल डुकरासारखा झाला आणि त्याला त्याचाच अभिमान. पण आनंदराजच्या हाताला काय गुण आहे! वशिंड उंच, मान वळवलेली, डोळ्यांच्या जागी तुरीचे दाणे. मुग्धाताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "आनंदराज, आमच्या पूजेला एक जोडी करून देशील का रे?"

त्यानं जीव लावून केली. ओट्यावर सावलीत वाळवली, तडा जाऊ नये म्हणून ओलं फडकं टाकून बसायचा. आज दोघांना धुतलेले शर्ट घातले, भांग पाडला, आणि बैलजोडी घेऊन पाठवलं.

कागदी द्रोणात पुरणपोळी घेऊन परत आले. मी विचारलं, "पूजा बघितली का?"

"फाटकातून दिसली," आनंदराज म्हणाला. "काकू म्हणल्या, तिथंच थांबा, आत फरशी ओली हाय, घसरताल."

सुगत म्हणाला, "यज्ञेश तर पळून राहिला होता आत."

"त्याचं घर हाय," आनंदराजनं त्याला समजावलं.

मला हसू आलं. पुन्हा पुन्हा विचारलं, बैल कुठं ठेवले, कुंकू लावलं का, हार घातला का? सगळं केलं म्हणे. पाटावर ठेवले, मार्तंडसरांनी नमस्कार केला. माझ्या मुलाच्या हातचे बैल त्यांच्या पाटावर बसले. धम्मानंद आला की त्याला सांगायचं म्हणून मी दिवसभर खुशीत होते. सांगितलं तर तो नुसता "अच्छा" म्हणाला आणि बूट काढत बसला.

आत्याबाई म्हणाल्या, "बैल आत गेले. करणारा भायेर ऱ्हायला."

मी म्हटलं, "तुम्हाला चांगलं काही दिसतच नाही का हो?"

त्या म्हणाल्या, उद्या सकाळच्या गाडीनं जाते. मी थांबा म्हटलं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

सुगतला खरूज झाली.

लिहायला पण लाज वाटते. आधी घामोळं वाटलं, मग बोटांमध्ये, बेंबीभोवती, काखेत पुरळ. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं. वर हसून म्हणाले, "ताई, घाबरताय काय? एकाकडून दुसऱ्याला लागतं, मातीचा काही संबंध नाही. घरातल्या सगळ्यांनी मलम लावा, कपडे गरम पाण्यात टाका." सगळ्यांनी लावलं. गाद्या उन्हात, चादरी उकळत्या पाण्यात. टँकर मागवला.

सुगतची ताटली वेगळी केली, अंथरूण वेगळं केलं. आनंदराजच्या अंगावर काहीच नाही, निदान तो तरी वाचावा. त्याला बजावलं, सुगतला हात लावायचा नाही, त्याच्या बिछान्यावर बसायचं नाही. आणि शाळेत कुणी विचारलं तर सांगायचं, मला काही नाही, मी स्वच्छ आहे.

शहाणा आहे, लगेच मान हलवली. सुगत दाराशी उभा राहून ऐकत होता.

१ सप्टेंबर, सोमवार

मुग्धाताईंना जाऊन सांगितलं. सांगायलाच हवं, मुलं एकत्र खेळतात. फाटकाशीच उभी राहिले. म्हटलं, "ताई, सुगतला खरूज निघाली. यज्ञेशला पण एकदा दाखवून घ्या, त्याचे हात..."

त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. एक पाऊल मागं सरकल्या. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." आणि आत गेल्या. आत जाताना फाटकाच्या ज्या दांडीला माझा हात होता तिकडं बघितलं त्यांनी. की मला तसं वाटलं?

घाबरल्या असतील. कुणीही घाबरेल.

४ सप्टेंबर, गुरुवार

कॉलनीच्या ग्रुपवर शेषेरावकाकांचा मेसेज आला. ते कॉलनीचे अध्यक्ष. "काही कुटुंबांनी आपल्या मुलांच्या अंगाच्या स्वच्छतेकडे लक्ष द्यावे. त्यांच्यामुळे इतर मुलांना त्वचेचे आजार होत आहेत. मोकळ्या प्लॉटला उद्यापासून तार मारण्यात येईल." खाली जोडलेले हात, अंगठे. पहिला अंगठा मुग्धाताईंचा.

आमच्या कॉलनीत पाच वर्षांचं मूल घरात कोंडून दिवसातून दोनदा आंघोळ घालणारी मी. आणि अंगाची स्वच्छता मला सांगतात.

संध्याकाळी त्या दूध घेऊन येताना दिसल्या. मी आडवी गेले. विचारलं, "ताई, हे काय आहे?"

"गैरसमज करून घेऊ नका हो," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच गोड. "तुमचं नाव कुणी घेतलंय का? पण यज्ञेशला असलं कधी झालं नव्हतं. आमच्याकडं सवय नाही ना."

"कशाची सवय?"

"आता तेच तेच काय बोलायचं? तुम्ही चांगल्या आहात. तुमच्याबद्दल आम्ही कधी काही मनात आणलं नाही. पण माणसानं एवढं मोकळं पण सोडू नये, हे मला शिकायला मिळालं."

यज्ञेश तर ऑगस्टच्या सुरुवातीपासून खाजवत होता. ते वाक्य माझ्या तोंडात आलेलं. बाहेर आलं नाही. त्या गेल्यावर रस्त्यावर उभी राहून मी ते मनातल्या मनात दहादा बोलले.

धम्मानंदला सांगितलं. मला वाटलं चिडेल, जाऊन बोलेल. तो म्हणाला, "तू सांगायला गेलीसच कशाला?"

"मग लपवायचं?"

"हे घर तिसरं होतं, महामाया. पहिली दोन ठरली होती. नाव विचारलं आणि मग पाहुणे येणार आहेत म्हणाले, रंगकाम निघालं म्हणाले. तुला सांगितलं नाही. तू पडदे घेतले होतेस."

"तुला हे सगळं माहीत होतं? मुग्धाताईंचं पण?"

"तू खूश होतीस ना," तो म्हणाला.

म्हणजे सगळ्यांना दिसत होतं. आत्याबाईंना, याला, पाच वर्षांच्या सुगतला पण. मीच एकटी साबुदाणा भिजवत होते.

९ सप्टेंबर, मंगळवार

आत्याबाईंना फोन केला. गुडघा कसा आहे विचारलं. त्यांनी पोरांचं विचारलं. ठेवताना म्हणाल्या, "लेकरांना कोंडून ठिवू नको."

प्लॉटला काटेरी तार लागली. तारेच्या आत पावसाचं पाणी साचतंय, कुणी खेळत नाही. ओट्यावरून बघायला काही नाही, तरी मी चारला चहा घेऊन तिथंच बसते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सुगत बरा झाला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आजपासून शाळेत पाठवा म्हणाले. ऑटोवाले नरसिंगमामा कॉलनीतली पोरं नेतात. मी सोडायला गेले. आधीच बसलेल्या पोरांनी पाय आखडून घेतले. यज्ञेश ओरडला, "त्याला हात लावू नका रे, त्याला खरूज आहे!" याच यज्ञेशचे हात अजून पांढऱ्या मलमानं माखलेले दिसत होते.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आनंदराजच बोलला. मला वाटलं भावाची बाजू घेईल. तो पोरांना म्हणाला, "मला काही नाही. मी स्वच्छ आहे. त्याला मागं बसवतो."

आणि सुगतचं दप्तर दोन बोटांनी उचलून मागच्या फळीवर ठेवलं, जिथं डबे ठेवतात. "तिथं बस. कुणाला लागू नको." सुगत मुकाट्यानं चढून बसला. बाकीच्यांनी आनंदराजला मध्ये जागा करून दिली. यज्ञेशनं त्याच्या गळ्यात हात टाकला.

नरसिंगमामांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. ऑटो गेला.

कुठून शिकला हा? आमच्या घरात असं कुणी कधी वागलं का? दिवसभर डोकं फुटेपर्यंत विचार केला. शाळेतूनच आलं असणार हे, त्या पोरांच्या संगतीनं.

२१ सप्टेंबर, रविवार

आनंदराज स्वतःची ताटली स्वतः धुऊन घेतो. सुगतनं वापरलेला साबण वापरत नाही. मी म्हटलं, "तो बरा झालाय, डॉक्टरांनी सांगितलं." तर म्हणतो, "तूच म्हणाली होती."

"ते तेव्हा."

"मग कधीपर्यंत?"

त्याला एक ठेवून दिली. रडला पण नाही. तोंड धुवायला गेला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज अशोक विजयादशमी. सकाळी चौघं पांढरे कपडे घालून विहारात गेलो. वंदना झाली, मोठ्यांची भाषणं झाली, खीर झाली. गर्दीत सुगत आनंदराजचा हात धरायला गेला तर त्यानं हात खिशात घातले. धम्मानंदनं सुगतला उचलून घेतलं. पाच वर्षांचं मूल, उचलायच्या वयाचं आहे का आता?

परत आलो तर प्लॉटची तार एका बाजूनं पडलेली. महिनाभरच्या पावसानं खांबच उपटून आला होता. आत लोण्यासारखा चिखल. सुगत थांबला. बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं, आणि मी नाही म्हणणार हे धरूनच चालायला लागला. एवढं लेकरू, विचारायचं पण सोडून दिलंय त्यानं.

मी म्हटलं, "जा."

त्याला खरं वाटेना. "पांढरे हायेत," शर्ट धरून म्हणाला.

"असू दे. जा."

तो गेला. पहिल्यांदा भीत भीत, मग बसलाच. मी आनंदराजला म्हटलं, "तू पण जा बेटा. धरण कर. बैल कर. मी काही बोलणार नाही."

"मला नाही जायचं."

"अरे, तुला किती आवडायचं!"

"घाण असतं ते."

मी त्याच्यापुढं हात जोडायचेच बाकी ठेवले. तो बुटाच्या टाचा जुळवून उभा, एक थेंब उडू नये म्हणून भिंतीला चिकटून. तिकडं सुगत दोन्ही मुठींत चिखल घेऊन आला. भावाला दाखवत होता. आनंदराज मागं सरला. "लांब हो," म्हणाला. "लांब हो म्हणलं ना."

सुगतच्या मुठी खाली आल्या.

मग मला काय झालं माहीत नाही. चपला काढल्या आणि पांढऱ्या साडीनिशी त्या चिखलात शिरले. पोटऱ्यांपर्यंत पाय गेले. गार लागलं. सुगतपाशी बसले, त्याची मूठ उघडली आणि तो चिखल माझ्या हातावर घेतला, गालाला लावला. तो हसायला लागला, मग मी पण. त्याला कुशीत घेतलं, दोघं माखलो. समोर शेषेरावकाका गॅलरीत आले. मुग्धाताई आपट्याची पानं घेऊन निघाल्या होत्या, त्या थबकल्या. मी त्यांच्याकडं बघून हात वर केला, चिखलाचा. नमस्कार समजा नाहीतर काहीही. त्या आत वळल्या. महिन्यात पहिल्यांदा छाती मोकळी झाली.

आनंदराज तारेपाशी आला. मला वाटलं, येतोय. मी हात पुढं केला.

तो पुढं आला नाही. लाल झाला होता, डोळ्यांत पाणी. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "आई, बाहेर ये ना. लोक बघून राहिलेत."

"बघू दे," मी म्हटलं. "ये तू."

त्यानं मान हलवली आणि घरात निघून गेला. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

धम्मानंदनं बराच वेळ दार वाजवलं तेव्हा उघडलं.